चंदगडची सून परकी कुणी ठरवायची?

१९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला एकटा चंदगड तालुका वगळून मुंबई राज्यात ठेवला गेला. पुढे तो कोल्हापूर जिल्ह्याचा झाला. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही बेळगाव शहराला लागून असलेली गावं. या पट्ट्यातल्या घरांची चंदगडशी सोयरीक जुनी. १९५५ साली चंदगडची मुलगी कंग्राळीत नांदायला आली असेल, तर ती जिल्ह्यातल्या जिल्ह्यात आली. दोन वर्षांनी तिची धाकटी बहीण त्याच घरात तिची जाऊ होऊन आली असेल, तर ती सरकारी हिशेबात परराज्यातून आलेली स्थलांतरित झाली. रस्ता तोच, बैलगाडी तीच, सासूही तीच.

देशात, राज्यात, गावात कुणी यायचं, कुणी राहायचं आणि कुणाला बाहेरचा म्हणायचं, हे ठरवणारा कायदा दिल्लीत व्हावा की राज्यात, की थेट गावात? अमेरिकेपासून स्वित्झर्लंडपर्यंत हा वाद रंगलेला आहे. सीमाभागातल्या माणसाला तो समजून घ्यायला लांब जावं लागत नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. परका आणि आपला ठरवणारा कायदा एकच असावा आणि तो संसदेनेच करावा. आलेला माणूस नीट जगेल हे पाहणं मात्र राज्याचं आणि गावाचं काम आहे, आणि ते दिल्लीतून होणार नाही. या दोन कामांची अदलाबदल झाली की पहिला फटका सीमेवरच्या गावांना बसतो.

परदेशी माणसापुरतं आपल्या घटनेचं उत्तर स्वच्छ आहे. सातव्या परिशिष्टातल्या केंद्रसूचीत नागरिकत्व आणि परकीय नागरिक हा विषय १७ व्या क्रमांकावर, देशात प्रवेश, हकालपट्टी, पासपोर्ट आणि व्हिसा १९ व्या क्रमांकावर. आंतरराज्य स्थलांतर आणि आंतरराज्य विलगीकरण ८१ व्या. म्हणजे देशातल्या देशात होणारं स्थलांतरसुद्धा घटनाकारांनी राज्यांकडे दिलं नाही. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे मोडीत काढून संसदेने २०२५ मध्ये इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकांसाठी एकच कायदा केला. तो त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरपासून लागू झाला.

कायदा दिल्लीचा असला तरी राबवणारे हात स्थानिकच असतात. घटनेच्या २५८ व्या कलमाने केंद्र आपलं काम राज्य सरकारच्या अधिकाऱ्यांवर सोपवू शकतं, आणि परदेशी नागरिकांच्या बाबतीत ते १९५८ पासून सोपवलेलं आहे. बेळगावात वैद्यकीय शिक्षणासाठी मलेशियाहून मुलं येतात. त्यांचा व्हिसा भारत सरकारचा, पण जिल्हापातळीवर परदेशी माणसांची नोंद ठेवतात ते राज्याचेच पोलीस अधिकारी. नियम एक, हात अनेक, अशी ही व्यवस्था आहे आणि ती मला योग्य वाटते.

खरी परदेशी सीमा कशी असते हे बेळगावच्या जुन्या पिढीने जवळून पाहिलं आहे. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगालचा होता. रेल्वेने गोव्यात जाताना कॅसलरॉकला जकातीची तपासणी व्हायची. १९५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि ही रेल्वे वाहतूकही बंद पडली. घाटाखाली लेक दिलेल्या घरांची पंचाईत झाली. गोवा मुक्त झाल्यावर तिथल्या माणसांचं काय करायचं, हे केंद्राने १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने ठरवलं. जो स्वतः किंवा ज्याचे आईवडील, आजी-आजोबा यांपैकी कुणीही २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशात जन्मलं, तो भारताचा नागरिक. ज्याला आधीचंच नागरिकत्व ठेवायचं असेल त्याने एका महिन्याच्या आत तसं लेखी कळवायचं.

गोव्यातल्याच फादर मोंतेरो यांनी तसं कळवलं आणि पोर्तुगीज नागरिक म्हणून परवाना घेऊन ते गोव्यातच राहिले. त्या परवान्याची मुदत नोव्हेंबर १९६४ मध्ये संपली. त्यांनी ती वाढवून मागितली नाही आणि गोवा सोडण्याचा हुकूमही मानला नाही. परकीय नागरिक कायद्याखाली खटला झाला, तीस दिवसांची साधी कैद आणि पन्नास रुपये दंड झाला. जन्मभूमीतून आपल्याला घालवता येणार नाही, जिनिव्हा करार आपल्या बाजूने आहे, असं म्हणत ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६९ मध्ये हरले. एका गोंयकाराला गोव्यातच परका ठरवणारा हा निकाल वाचताना मन दुखावतं. पण त्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आदेश सगळ्यांना सारखाच होता, निवड ज्याची त्याने केली होती आणि दाद मागायला देशाचं सर्वोच्च न्यायालय उघडं होतं. शेजाऱ्याच्या किंवा पंचायतीच्या मर्जीवर काही ठेवलेलं नव्हतं.

केंद्राने माणसाला आत घ्यावं आणि राज्याने त्याला जागा द्यावी, याचा चांगला दाखला उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे. चीनने तिबेट गिळल्यावर दलाई लामा १९५९ मध्ये भारतात आले. त्यांच्यामागून आलेल्या निर्वासितांना थारा द्यायचा हा निर्णय पंतप्रधान नेहरूंचा, पण शेतीला जमीन दिल्लीकडे कुठे होती? म्हैसूरचे मुख्यमंत्री एस. निजलिंगप्पा यांनी ती देऊ केली. आधी बैलकुप्पे आणि मग १९६६ मध्ये मुंडगोड इथे तिबेटी वसाहती उभ्या राहिल्या. आज मुंडगोडला मोठे मठ आहेत, शाळा आहेत, मक्याची शेती आहे. इथे राज्याने कुणाला येऊ द्यायचं हे ठरवलं नाही, आलेल्याचं भलं कसं होईल ते ठरवलं.

घोळ सुरू होतो तो आपल्याच नागरिकांच्या बाबतीत. घटनेच्या १९ व्या कलमाने प्रत्येक भारतीयाला देशभर फिरायचा, कुठेही राहायचा हक्क आहे. आदिवासींच्या संरक्षणासाठी त्याला अपवाद ठेवता येतो. नागालँड, मिझोरामसारख्या राज्यांत जायला लागणारा इनर लाइन परवाना १८७३ च्या नियमातून आलेला आहे. बाकी देशात असा परवाना कुणीच मागू शकत नाही. तरीही राज्यं वेगवेगळ्या नावांनी आपापले छोटे इमिग्रेशन कायदे करत असतात.

कोरोनाच्या काळात सीमाभागाने हे अंगावर झेललं. १८ मे २०२० ला कर्नाटकाने महाराष्ट्र, गुजरात, तमिळनाडू आणि केरळमधून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत प्रवेशबंदी केली. निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर गाड्यांच्या रांगा लागल्या, पोर्टलवरचा पास दाखवल्याशिवाय पुढे सोडत नव्हते. ऑगस्टमध्ये केंद्रीय गृहसचिवांनी सगळ्या राज्यांना लेखी बजावलं, की आंतरराज्य ये-जा अडवू नका. तरी २०२१ च्या फेब्रुवारीत कोगनोळीला पुन्हा पोलीस उभे राहिले आणि महाराष्ट्रातून येणाऱ्याकडे ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल मागू लागले. त्या वर्षी ऑगस्टच्या तोंडावर तर लस घेतलेल्यांनाही अहवाल सक्तीचा झाला. कागलहून निपाणीला रोज दुकान उघडायला येणाऱ्या माणसाने पुन्हा पुन्हा नाकात काडी घालून घ्यायची, आणि तोच विषाणू बेळगावहून बंगळुरूला बसने बिनधास्त जायचा! रोगाला राज्याची हद्द कळत नाही. म्हणूनच आंतरराज्य विलगीकरण हा विषय केंद्रसूचीत आहे.

दक्षिणेला, मंगळूर आणि कासरगोडच्या मधल्या हद्दीवर तर कर्नाटकाने रस्त्यांवर मातीचे ढीग टाकले होते. कासरगोडची आजारी माणसं वर्षानुवर्षं मंगळूरच्या दवाखान्यांत जात आलेली. १ एप्रिल २०२० ला केरळ उच्च न्यायालयाने केंद्राला बजावलं, की उपचारासाठी जाणाऱ्यांचे रस्ते मोकळे करून द्या, कारण ही अडवणूक संचाराच्या आणि जगण्याच्या हक्कावर घाला आहे. दोन राज्यं भांडत असताना मध्यस्थी करायला वरची सत्ता लागते, हे त्या मातीच्या ढिगांनी दाखवून दिलं.

पुढे डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राचे मंत्री चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई बेळगावला येणार होते. बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना जिल्ह्यात येण्यास मनाई केली. त्याच सुमारास हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या नंबरप्लेटच्या ट्रकांवर दगड पडले. कायदा-सुव्यवस्थेसाठी जमावबंदी लावायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला असतो, हे मान्य. पण एका राज्याच्या मंत्र्याला शेजारच्या जिल्ह्यात पाऊल टाकता येणार नाही असा हुकूम एका सहीने निघतो, तेव्हा त्या जिल्ह्यात राहणाऱ्या साध्या मराठी माणसाने स्वतःला किती सुरक्षित समजायचं?

आता नोकरीकडे येतो, कारण बाहेरचा कोण हा प्रश्न सगळ्यात जास्त तिथेच टोचतो. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांतल्या स्थानिकांच्या आरक्षणाच्या विधेयकाला मंजुरी दिली. व्यवस्थापनातल्या निम्म्या आणि इतर ७० टक्के जागा स्थानिकांना. स्थानिक कोण? जो कर्नाटकात जन्मला, पंधरा वर्षं राज्यात राहिला, आणि ज्याला कन्नड बोलता, वाचता, लिहिता येतं. दहावीला कन्नड विषय नसेल तर परीक्षा द्यायची. उद्योजकांनी ओरड केली, आणि दोन दिवसांत विधेयक थांबवलं गेलं.

या व्याख्येतले दोन शब्द वाचून मी थबकलो: ‘कर्नाटकात जन्मलेला’. चंदगडची मुलगी विसाव्या वर्षी कंग्राळीत लग्न होऊन आली. तीस वर्षं राहिली, कन्नड शिकली, बाजारात भाजी विकताना अस्खलित बोलते, तिची मुलं इथल्या शाळेत शिकली, मतदान इथे करते. तरी या विधेयकानुसार ती मरेपर्यंत स्थानिक होऊ शकली नसती. पंधरा वर्षांची अट तिने दोनदा पूर्ण केली तरी जन्माची अट कशी पूर्ण करणार? कायदा बंगळुरूच्या संगणक कंपन्यांकडे बघून लिहिला गेला, पण लागू झाला असता तर त्यात सापडली असती सीमेवरची सून. २०११ च्या जनगणनेनुसार देशात स्थलांतरितांची संख्या ४५ कोटींच्या घरात आहे आणि त्यांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न हे आहे. परप्रांतीय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रेल्वेतून उतरणारा तरुण येतो, डोक्यावर अक्षता पडलेली मुलगी येत नाही.

हरियाणाने असाच ७५ टक्क्यांचा कायदा प्रत्यक्षात आणला होता. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तो नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवून रद्द केला.

महाराष्ट्राने तरी कर्नाटकाकडे बोट दाखवू नये. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के जागा स्थानिकांना द्याव्यात, पर्यवेक्षकांच्या निम्म्या द्याव्यात, असा महाराष्ट्राचा २००८ चा शासन निर्णय आहे, आणि स्थानिक म्हणजे पंधरा वर्षांचा रहिवासी. त्याच वर्षी रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मुंबई परिसरात मारहाण झाली होती. दुसरीकडे ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, तिथल्या मराठी भाषकांना हेच राज्य आपलं मानतं. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रवर्ग आहे. या सवलतीने अनेक घरांतली मुलं शिकली, ती टिकलीच पाहिजे. पण चित्र पाहा. मुलगा दुसऱ्या राज्याच्या कागदावर ‘आपला’, आणि त्याची आई स्वतःच्या राज्याच्या प्रस्तावित कायद्यात ‘बाहेरची’. एकाच चुलीवर जेवणाऱ्या माणसांची अशी वाटणी होते, कारण दोन राज्यं दोन वेगळ्या पट्ट्यांनी माणसं मोजतात.

घटना समितीत नोव्हेंबर १९४८ मध्ये यावर नेमकी चर्चा झाली होती. देशाचं नागरिकत्व एकच असेल, तर सरकारी नोकरीला रहिवासाची अट का, असा प्रश्न होता. डॉ. आंबेडकरांची भूमिका व्यवहारी होती. प्रांताशी काही संबंध नसलेल्या माणसाने तिथली मोक्याची जागा पटकावून पुढे निघून जावं हेही बरं नाही, म्हणून काही बाबतीत रहिवासाची अट लागेल. पण ती अट प्रत्येक प्रांताने मनाला येईल तशी घातली तर एक नागरिकत्व उरणारच नाही, म्हणून तो अधिकार फक्त संसदेला. हेच आजचं १६(३) कलम. स्थानिकाच्या हिताची काळजी त्यात आहे, आणि ती काळजी कोण घेणार हेही ठरलेलं आहे. २०१२ च्या घटनादुरुस्तीने आलेलं ३७१ (जे) कलम याच वाटेने गेलं. बिदर, कलबुर्गी, रायचूर अशा मागास जिल्ह्यांतल्या स्थानिकांना तिथल्या नोकऱ्यांत आरक्षण मिळालं. बेळगाव त्यात नाही, त्यामुळे बेळगावचा तरुण त्या जागांसाठी बिदरमध्ये बाहेरचा ठरतो. ते मला खटकत नाही. मागासलेपण तपासून, देशाच्या संसदेत चर्चा होऊन ते ठरलं आहे.

जातीच्या दाखल्याचं दुखणं मात्र अजून तसंच आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार असतात. १९९० मध्ये मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशावरून सर्वोच्च न्यायालयात खटला झाला. आंध्रात जन्मलेला आदिवासी मुलगा वडिलांच्या नोकरीमुळे नवव्या वर्षी मुंबईत आला, इथेच शिकला, तरी त्याला महाराष्ट्रात राखीव जागा मिळाली नाही. न्यायालयाचं म्हणणं असं, की एका राज्यात सोसलेली वंचितता दुसऱ्या राज्यात तशीच असेल असं नाही. दूरच्या राज्यांबाबत हा तर्क पटतो. चंदगड आणि बेळगाव यांच्यामध्ये तो लावला तर बौद्ध किंवा चर्मकार समाजातल्या मुलीची वंचितता शिनोळीतून बाची ओलांडून कंग्राळीला येईतो कुठे गळून पडते? यावर उपायही संसदेकडेच आहे. एका जिल्ह्याचे दोन तुकडे करून आखलेल्या हद्दीपुरता लग्नाने आलेल्या स्त्रियांचा दाखला दोन्हीकडे चालेल, एवढी तरतूद करणं अवघड नाही.

कन्नड माणसाच्या भीतीला मी खोटं म्हणत नाही. स्वतःच्या राजधानीत आपली भाषा मागे पडते आहे, हे दुःख मुंबईतल्या मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कॅनडातल्या क्युबेकची भीती अशीच होती, फ्रेंच इंग्रजीत बुडून जाईल अशी. तिथे १९९१ च्या कराराने क्युबेकला परदेशातून येणारे कुशल कामगार स्वतः निवडायचा आणि त्यांना फ्रेंच शिकवायचा अधिकार मिळाला. पण सुरक्षेची तपासणी आणि नागरिकत्व ओटावाकडेच राहिलं. आणि शेजारच्या ऑन्टॅरिओतून येणाऱ्या कॅनेडियन माणसाला क्युबेक अडवू शकत नाही. भाषा जपायचे अधिकार मागा, भरपूर मागा. शाळा काढा, नवख्या माणसाला कन्नड शिकवायचे वर्ग गल्लोगल्ली काढा. देशबांधवाला दारात अडवायचा अधिकार त्यात येत नाही.

गावाच्या हातात निवड पूर्ण दिली तर काय होतं, हे स्वित्झर्लंडच्या एमेन गावाने दाखवलं. स्वित्झर्लंडमध्ये नागरिकत्वाची सुरुवात गावापासून होते. मार्च २००० मध्ये एमेनमध्ये ५६ अर्जदारांवर मतदान झालं. त्यांची माहिती गावकऱ्यांपर्यंत पोचवली गेली आणि एकेकावर कौल घेतला गेला. इटलीहून आलेले आठ जण पसंत पडले. बाकीचे, ज्यांत बहुतेक पूर्वीच्या युगोस्लाव्हियातले होते, नापसंत झाले. नकाराचं कारण सांगायला मतपत्रिकेत जागाच नव्हती. २००३ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने हे गुप्त मतदान घटनेविरुद्ध ठरवलं: कारण न देता कुणालाही नाकारता येत नाही. आपल्या गावातली जातीची आणि भावकीची गणितं ज्यांना माहीत आहेत, त्यांनी अशा मतदानाची कल्पना करून पाहावी.

गावाकडे जे काम आहे ते कमी महत्त्वाचं नाही. ते होत नाही ही तक्रार आहे. जिल्ह्यात किंवा तालुक्यात पंधरा टक्के किंवा त्याहून जास्त लोक एखादी अल्पसंख्याक भाषा बोलत असतील, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असं भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या राष्ट्रीय योजनेत ठरलेलं आहे. बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषकांचं प्रमाण त्याहून जास्त आहे. तरी मराठीतून उतारा आणि परिपत्रकं मिळावीत म्हणून लोकांना वर्षानुवर्षं निवेदनं द्यावी लागतात. रेशन कार्ड आता देशात कुठेही चालतं, पण ते चालवायचं गावच्या दुकानदाराने.

आणि ऊसतोड कामगार. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या गाडीवर संसार बांधून बेळगाव-निपाणी भागातल्या कारखान्यांकडे येतात. मार्च-एप्रिल २०२० मध्ये ऊसतोड कामगार जिथल्या तिथे अडकले तेव्हा त्यांची नीट यादीसुद्धा हाताशी नव्हती. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ पासून होता, ठेकेदाराची आणि मजुरांची नोंद त्यात सक्तीची होती. संसदेने आपलं काम चाळीस वर्षांपूर्वी केलं होतं. फडाजवळच्या ग्रामपंचायतीने कोप्यांवर, म्हणजे कामगारांच्या झोपड्यांवर जाऊन किती मुलं आली आहेत, कोणती बाई गरोदर आहे, कुणाची लस राहिली आहे हे वहीत लिहावं, मराठी शाळेच्या मास्तरांनी ती मुलं चार महिन्यांपुरती पटावर घ्यावीत, आणि हंगाम संपल्यावर त्यांचा दाखला बीडच्या शाळेने विनातक्रार मान्य करावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. कारखान्याचा शेतकी विभाग, तलाठी आणि आशाताई यांनी हंगामाच्या पहिल्या आठवड्यात एकदा एकत्र बसावं लागतं.